माझा भंगुरतारा

हिंगोलीसारख्या गांवीं समुद्रांतील प्राणी पाळावयाचा, हें ऐकून कोणासही हंसूं येईल. येथून समुद्र चारशें किलोमीटरांहून अधिक दूर. कयाधू नदीचें पाणी गोडें. आणि बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारचें सरोवर खारें असलें, तरी त्यांतील पाणी इतकें क्षारयुक्त, कीं समुद्रांतील जीव त्यांत जगावयाचा नाहीं. परंतु वडिलांनीं लहानपणीं मुंबईस १९५१ सालीं उघडलेलें तारापोरवाला मत्स्यालय पाहिलें होतें. तेव्हांपासूनची त्यांची हौस तीन वर्षांपूर्वीं पुरी झाली, आणि आमच्या ओसरीवर दोनशें लिटरांची एक कांचेची पेटी आली.

दर लिटर पाण्यास सुमारें ३५ ग्रॅम, म्हणजे सगळें मिळून सात किलो मीठ लागलें. तेंही स्वयंपाकाचें नव्हे, तर समुद्रांतील निरनिराळे क्षार ज्यांत असतात असें खास मीठ. उन्हाळ्यांत पाणी उडून जाई, पण मीठ मागेंच राही. म्हणून तूट भरून काढावयाची ती गोड्या पाण्यानें, हें वडिलांनीं मला शिकविलें.

पेटींत चार लहान निळे मासे होते. पुढें मुंबईच्या एका दुकानांतून आम्हीं हिरवा भंगुरतारा आणिला. हा तारामीनाचा भाईबंद. मध्यें वाटोळें धड आणि भोंवतीं सापासारखे वळवळणारे पांच काटेरी बाहु. शत्रूनें बाहु धरिला, तर तो तोडून देऊन हा निसटतो, व कालांतरानें तेथें नवा बाहु फुटतो. म्हणूनच याचें नांव भंगुर. "उरलेंसुरलें खाऊन हा पेटी स्वच्छ ठेवितो," असें दुकानदार म्हणाला. त्यावर विसंबून मीं त्यास कधींही वेगळें अन्न दिलें नाहीं.

कांहीं महिन्यांनीं एक मासा नाहींसा झाला, मग दुसरा. धाकट्या भावानें झांकण उघडें टाकिलें असेल व मांजरानें डाव साधिला असेल, असें ठरवून मी त्यास वाटेल तसें बोललों. "दादा, मीं पेटीला हातसुद्धां लाविला नाहीं," एवढेंच म्हणून तो रडूं लागला. मला तें खोटें वाटलें.

एके रात्रीं वीज गेली. पाणी खेळविणारा पंप बंद पडला असेल म्हणून मी विजेरी घेऊन उठलों. पाहतों तों भंगुरतारा बाहूंच्या टोंकांवर उंच उभा! त्या मांडवाखालीं एक मासा आसऱ्यास शिरला होता. क्षणांत बाहूंस पीळ पडला, धड खालीं उतरलें, आणि मासा जणूं टोपलींत कोंडला गेला. मला कांहींच करितां आलें नाहीं.

सकाळीं मी रागानें त्यास उकिरड्यावर टाकावयास निघालों. वडील शांतपणें म्हणाले, "समुद्रांत तो आपलें पोट आपण भरतो. येथें त्याचें पोट तुझ्या हातीं आहे. तूं त्यास काय दिलेंस?" मजजवळ उत्तर नव्हतें.

आतां तो वेगळ्या पेटींत एकटा असतो. आठवड्यांतून दोनदां चिमट्यानें कोळंबीचा तुकडा पुढें केला, कीं एक बाहु हळूच येऊन त्यास विळखा घालितो. मीं भावाची क्षमा मागितली, आणि तो तुकडा देण्याचें काम त्यानें मागून घेतलें. त्या मुक्या जीवाच्या भुकेचा विचार मीं वेळींच केला असता, तर ते मासे वांचले असते आणि निरपराध भावाच्या डोळ्यांत पाणी आलें नसतें. चिमटा हातीं घेऊन तो पेटीकडे जातो, तेव्हां मला त्याची आठवण होते.