एका वळणापुरते

साहित्याची चर्चा करणाऱ्यांनी मोटारसायकलींच्या शर्यतींवर लिहावे का, अशी शंका वाचकांच्या मनात येईल. ती आमच्याही मनात आहे; पण तिचे कारण वेगळे आहे आणि ते पुढे येईलच. एक खुलासा आधीच करतो. येथला 'आम्ही' हा संपादकीय थाटाचा नाही. आम्ही खरोखरच दोघे आहोत, सख्खे भाऊ. थोरला अस्थिशल्यविशारद, त्या काळात लँकेशायरमधल्या एका रुग्णालयात नोकरीला. धाकटा कोल्हापूरकडच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवणारा. वडिलांच्या जावा गाडीच्या टाकीवर बसून दोघांचे बालपण गेले, यापलीकडे या वेडाला आमच्या घराण्यात काही परंपरा नाही.

१९९९ च्या उन्हाळी सुटीत धाकटा थोरल्याकडे गेला होता. थोरला म्हणाला, "चल, तुला एक गंमत दाखवतो." हेशमच्या धक्क्यावरून रात्री दोननंतर बोट सुटली. तिच्या पोटात शेकडो मोटारसायकली दोरांनी बांधून ठेवलेल्या, आणि वर बाकांवर, जिन्यात, जिथे जागा मिळेल तिथे त्यांचे मालक कातडी पोशाखानिशी आडवे झालेले. पंढरीच्या वाटेवरच्या शाळेत मुक्कामाला उतरलेली दिंडी आठवावी असे ते दृश्य होते. उजाडताना आयल ऑफ मॅन दिसू लागले.

या बेटावरच शर्यत का, याचे उत्तर कायद्यात आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटनमध्ये वेगमर्यादा ताशी वीस मैल होती आणि सार्वजनिक रस्ते शर्यतीसाठी बंद करायला वेस्टमिन्स्टरची संसद राजी नव्हती. बेटाची स्वतःची संसद आहे, टिनवाल्ड. तिने १९०४ मध्ये मोटारींच्या चाचणीसाठी तशी परवानगी देणारा कायदा केला. १९०७ मध्ये मोटारसायकलींची 'टूरिस्ट ट्रॉफी', म्हणजे टीटी, सुरू झाली आणि १९११ मध्ये ती आजच्या डोंगरी मार्गावर आली. एक फेरी पावणेअडतीस मैलांची, सुमारे साठ किलोमीटर. हा मार्ग गावांतून, पुलांवरून, चर्चच्या भिंतींना घासून जातो, रॅमझी गावाशी समुद्रसपाटीला येतो आणि तिथून चारशे मीटरांहून अधिक उंच डोंगरावर चढतो. एरवी त्यावरून दुधाच्या गाड्या आणि शाळेच्या बस जातात. शर्यतीपुरते रस्ते बंद होतात, आणि ज्याच्या घरासमोरून मार्ग जातो त्याला बाहेर पडता येत नाही. मग तो अंगणात खुर्च्या मांडून चहा पितो.

पहिल्या वर्षी आम्ही बॅलॉ पुलापाशी उभे होतो. तिथे रस्त्याला कुबड आहे, त्यावरून गाडी हवेत उडते. पण आधी येतो तो आवाज. दूरच्या झाडीमागे एक बारीक सूर उमटतो, गिअर उतरताना तो पायरीपायरीने खाली येतो, आणि मग अचानक समोर एक माणूस जमिनीपासून वेगळा झालेला दिसतो. डोळ्यांनी काही टिपायच्या आत तो गेलेला असतो. धाकट्याने थोरल्याकडे पाहिले. तो स्वाराकडे पाहत नव्हता, त्याच्या मनगटांकडे पाहत होता. आठवडाभर मोडलेली हाडे जोडणारा हा माणूस सुटी काढून येथे येतो, याचे कोडे धाकट्याला त्याच दिवशी पडले. त्याने विचारलेही. "तिथे माझ्याकडे येतात तेव्हा सगळं होऊन गेलेलं असतं," एवढेच तो म्हणाला.

खासबागेच्या मैदानात कुस्ती पाहिलेल्या माणसाला ही शर्यत प्रथम चमत्कारिक वाटते. शाहू महाराजांनी बांधलेल्या त्या मैदानाची रचनाच अशी, की कुठेही बसा, आखाडा दिसतो. डाव कोणी टाकला आणि चीत कोण झाला, हे हजारोंना एकाच क्षणी कळते. टीटीत असे काहीच नाही. स्वार दहा-दहा सेकंदांच्या अंतराने एकेकटे सोडले जातात. जो पुढे दिसतो तो पुढे असतोच असे नाही. खरी झुंज घड्याळाशी. प्रेक्षकाच्या वाट्याला साठ किलोमीटरांपैकी एक वळण येते. बाकीचे सगळे त्याला ऐकावे लागते. प्रत्येकाच्या कानाशी मॅन्क्स रेडिओ असतो, आणि ग्रँडस्टँड, ग्लेन हेलन, रॅमझी येथले निवेदक आपापला तुकडा सांगत सांगत शर्यत जुळवून देतात. संजय येथे एक नाही, तीन-चार आहेत, आणि त्यांतल्या कोणालाही दिव्यदृष्टी नाही! ग्लेन हेलनला चार सेकंदांनी पुढे असलेला रॅमझीला दीड सेकंदाने मागे पडला, तर मधल्या पंधरा मैलांत काय घडले ते कोणालाच ठाऊक नसते. ती पोकळी ज्याची त्याने भरायची. कथनमीमांसेचे तास घेताना धाकट्याने याचा उपयोग अनेकदा केला आहे. विद्यार्थ्यांना तो कितपत पटला, हे सांगवत नाही.

२००० मध्ये आम्ही गूसनेकच्या वळणावरच्या गवतात बसलो. येथे रस्ता रॅमझीहून डोंगर चढत येतो आणि वळणाला गाड्या मंदावतात, त्यामुळे स्वार माणसासारखा दिसतो. त्या वर्षी जोई डनलप अठ्ठेचाळीस वर्षांचा होता. उत्तर आयर्लंडचा हा अबोल माणूस पिवळे शिरस्त्राण घालून १९७७ पासून येथे जिंकत आला होता. मध्येच गाडीत कपडे आणि अन्न भरून तो रोमानियातल्या, बोस्नियातल्या अनाथ मुलांकडे एकटा जाऊन येई. त्याचे दिवस संपले, असे बोटीतले जाणकार सांगत होते. फॉर्म्युला वनच्या शर्यतीत तरुण डेव्हिड जेफ्रीजची गाडी क्लच तुटून थांबली आणि जोई जिंकला. शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी थर्मासातला चहा आम्हांला दिला आणि स्वतः रडल्या. त्या आठवड्यात तो तीन शर्यती जिंकला. त्याचे टीटीतले एकूण विजय सव्वीस झाले.

पुरता महिनाही लोटला नाही. २ जुलैला एस्टोनियातल्या टॅलिनजवळ, पावसात, १२५ सीसीच्या शर्यतीत गाडी झाडांत गेली आणि तो मरण पावला. धाकटा तोवर परतला होता. थोरल्याचा फोन आला. दोघेही फारसे बोललो नाही. जेफ्रीज पुढे २००३ मध्ये टीटीच्या सरावात गेला.

येथे आमचा वाद सुरू होतो. १९११ पासून या मार्गावर, सराव आणि इतर शर्यती धरून, अडीचशेहून अधिक स्वार मेले आहेत. हा आकडा आम्हांला पहिल्या दिवसापासून ठाऊक होता. अजाणतेपणाची सबब आम्हांला नाही. थोरला अ‍ॅगोस्टिनीचा दाखला देई. दहा वेळा येथे जिंकलेला हा इटालियन १९७२ मध्ये आपला मित्र पार्लोट्टी याच रस्त्यावर मेल्यावर निघून गेला आणि पुन्हा येथे शर्यतीत उतरला नाही. पुढे १९७६ नंतर टीटीचे जागतिक अजिंक्यपदातले स्थानही गेले. धाकटा माइक हेलवुडचे नाव घेई, जो अकरा वर्षांनी, अडतिसाव्या वर्षी, १९७८ मध्ये परत आला आणि जिंकला. ज्याला त्याला आपल्या मताचा नायक सापडतोच. धाकट्याचे म्हणणे असे, की स्वार हे स्वेच्छेने पत्करतात. त्यांना कोणी ढकललेले नाही. "आणि आपण?" थोरला विचारी. "ते कुणासाठी पळतात? रिकाम्या रस्त्यावर पळतील का?" पळतील, असे धाकट्याला अजूनही वाटते. पण आपल्याला तसे वाटणे सोयीचे आहे, हेही त्याला कळते.

२००७ हे शताब्दीचे वर्ष. ८ जूनला सीनियर टीटी होती. आम्ही क्रेग-नी-बा येथे, डोंगरावरून उतरणारा रस्ता हॉटेलाशी वळतो तिथे होतो. जॉन मॅकगिनेसने पहिल्यांदाच ताशी १३० मैलांहून अधिक सरासरीने फेरी पूर्ण केली. रेडिओवर आकडा आला तशी सगळी टेकडी उभी राहिली. आम्हीही ओरडलो, टोपी उडवली. थोरल्याने अनोळखी माणसाला मिठी मारली.

संध्याकाळी डग्लसच्या धक्क्यावर बोटीच्या रांगेत कळले. त्याच शर्यतीत डोंगरावर, सव्विसाव्या मैलाशी, एक स्वार पडून मेला होता. त्याच्याबरोबर दोन प्रेक्षकही. सव्विसावा मैल म्हणजे गूसनेकच्या पुढे थोडे वर. सात वर्षांपूर्वी म्हाताऱ्या बाईंचा चहा प्यायलो, त्याच बाजूचा तो उतार. आम्ही ओरडत होतो तेव्हा ते मेलेले होते की अजून जिवंत होते, याचा हिशेब आम्ही दोघांनीही मनात केला. तो जुळला नाही. एका वळणावर बसलेल्याला दुसऱ्या वळणावरचे कळत नाही, हे वर आम्ही मोठ्या कौतुकाने सांगितले आहे. त्या रात्री त्यात कौतुक करण्यासारखे काही उरले नव्हते. बोटीत थोरला झोपला नाही. "मी आता नाही येणार," हेशमला उतरताना तो म्हणाला, आणि आला नाही.

धाकटाही पुन्हा गेला नाही, पण त्याचे ऐकणे सुटले नाही. इंटरनेटवर मॅन्क्स रेडिओ कोल्हापुरात लागतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात पावसाची वाट पाहत, पेपर तपासता तपासता, तो रॅमझीहून येणारे सेकंद ऐकतो. ४ जून २०२४ रोजी जोईचा पुतण्या मायकल डनलप याने सत्ताविसावा विजय मिळवला आणि काकाचा विक्रम मोडला. चोवीस वर्षे टिकलेला आकडा होता तो. धाकट्याला राहवले नाही. त्याने थोरल्याला फोन लावला.

"दादा, जोईचा विक्रम गेला. मायकलने मोडला."

पलीकडे जरा वेळ काहीच नाही. मग थोरल्याने विचारले, "सगळे परत आले का?"

"आजच्या दिवशी तरी आले."

"बरं," तो म्हणाला, आणि मग म्हणाला, "किती सेकंदांनी?"