शेवटचं कडवं का गाळलंस?

चि. मीरास,


मंडळाच्या कार्यक्रमातलं तुझं गाणं ऐकलं. आवाज छान लागलाय, थेट ताईसारखा. पण एरिक बोगलचं गाणं घेतलंस आणि शेवटचं कडवंच गाळलंस! वर लिहितेस, ‘लोक उगाच गंभीर होतात गं मावशी.’ अगं, मग ते घ्यायचं कशाला? अंताक्षरी ठेवायची.

हा बोगल मूळचा स्कॉटलंडचा. 1969 मध्ये तुमच्या ऑस्ट्रेलियात आला आणि 1971 मध्ये, व्हिएतनामचं युद्ध पेटलेलं असताना, 1915 च्या गॅलिपोलीच्या लढाईवर त्याने हे गाणं रचलं. आता लोकगीत समजूनच गातात ते. त्यातला पोरगा मरत नाही, हे ध्यानात घे. दोन्ही पाय गमावून घरी येतो. जाताना बँड जी धून वाजवतो, तीच परतल्यावरही वाजते. शेवटी म्हातारा होऊन तो ओसरीवरून संचलन बघत बसतो, आणि चालणारे वर्षागणिक कमी होत जातात. तू नेमकं तेच कापलंस. त्याच लढाईवर तुर्कांचंही लोकगीत आहे, चनाक्कलेचं. त्यात लढायला निघालेला मुलगा आईशी बोलतो. तेही ऐक कधीतरी.

मराठीत असं काही आहे का, म्हणून विचारलंस. पोवाडे आहेत की! अ‍ॅक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी 1891 मध्ये जुने पोवाडे छापले, त्यात पानिपतही आहे. पण शाहिराला जिंकलेला तरी लागतो, नाहीतर पडलेला. पानिपताहून लंगडत घरी आला, त्याचं कोण गाणार? पहिल्या महायुद्धात आपल्या मराठा पलटणी कूतच्या वेढ्यात अडकल्या. 29 एप्रिल 1916 ला उपासमारीने शरण जावं लागलं, तेही तुर्कांनाच. त्या कैदेतून जे जगून आले, त्यांच्या नावाने कुठे डफ वाजला?

माणगावला यशवंत घाडग्यांचा पुतळा आहे. 10 जुलै 1944 ला इटलीत पडले, व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पुतळा हवाच. पण त्याच इटलीतून आपले अण्णाही आले ना? पहाटे त्यांच्या खोलीतून काय ऐकू यायचं, ते ताईने तुला सांगितलंय. मी पुन्हा लिहीत नाही. तो आवाज आम्हा पोरींच्या कानी पडू नये म्हणून आई जात्यावर मोठ्याने ओव्या म्हणायची. ओव्यांत पंढरी यायची, माहेर यायचं, पाठचा भाऊ यायचा. त्यांत अण्णा मात्र कधी आले नाहीत. म्हणून माझा हा हट्ट समज: मेलेल्यांसाठी रडणारी गाणी पुष्कळ आहेत, परतलेल्याचं एखादंच. ते तरी अख्खं म्हणावं.

आणि तुझा निनाद लष्करात जायचं म्हणतोय, हे तू पत्राच्या तळाशी, वाणसामानाच्या यादीत मीठ लिहावं तसं लिहितेस? सतरा वर्षांचं पोर ते! तिकडे आईबापांची सही लागते का? दिनेशराव काय म्हणतात? हे त्याच्या डोक्यात कुठून आलं, विचारलंस का? ‘जाऊ नको’ असं मी सांगणार नाही, अण्णांनीही कधी कुणाला सांगितलं नाही. पण त्याला समोर बसवून ते गाणं शेवटच्या कडव्यासकट म्हण. उगाच गंभीर झाला तर होऊ दे. आणि अण्णांचं त्याला ठाऊक नसेल, तर ते तूच सांग. ताई आता राहिली नाही.

रविवारी फोन कर. तो घरात असेल तेव्हा.

तुझी,
शालूमावशी