दीड बादलीतली गाडी

पाइपने गाडी धुताना पाणी मोजलं जात नाही. साध्या पाइपातून मिनिटाला 10-15 लिटर पाणी सहज जातं. दहा मिनिटं धार धरली की शंभर-सव्वाशे लिटर गटारीत. बादलीचं तसं नसतं. ती संपते, आणि संपलेली दिसते.

परभणीत आमच्या गल्लीत कुणी पाइपने गाडी धूत नाही. नळ रोज येत नाही, आणि बोअर शेजारच्या काकांचा. एका मोटरीवर तीन घरं. काकू कधी नाही म्हणत नाहीत. फक्त गच्चीवरून विचारतात, "काय रे बाळा, गाडी धुवायलास का पाणी सांडायलास?" मार्च 2024 मध्ये बंगळुरूत पिण्याच्या पाण्याने गाड्या धुवायला बंदी आली, 5000 रुपये दंड ठरला. ती बातमी वाचून मला आधी काकूच आठवल्या.

आमच्या घरात पाण्याचा हिशोब त्याहून जुना आहे. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. पहिल्या फेरीत दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. देशभर फोटो गेले. आमच्या जिंतूरकडच्या गावात रेल्वेच नाही, तिथे टँकर. उन्हाळ्यात एक बैल दिवसाला 40-50 लिटर पाणी पितो. म्हणजे जोडीला रोज चार-पाच बादल्या. कडबा उधार मिळत होता, पाणी कोण उधार देणार? बाबांनी जोडी विकली. पुढे आम्ही शहरात आलो, आणि काही वर्षांनी दारात सेकंडहँड लाल अल्टो उभी राहिली. बाबा तिच्याकडे बैलासारखंच बघतात. आधी पाय, मग पाठ.

तर दीड बादली. मी सकाळी साडेसहाच्या आत सुरू करतो. आमच्याकडे मे महिन्यात आठ वाजता पत्रा इतका तापतो की पाणी पुसायच्या आत वाळतं आणि बोअरच्या क्षारांचे पांढरे डाग राहतात. ते डाग नंतर घासून काढणं हा वेगळाच छळ.

कोरड्या फडक्याने गाडी झटकायची नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं. काळ्या मातीचा धुरळा हाताला पिठासारखा लागतो, पण त्यात बारीक खडे असतात. कोरडं पुसलं की ते खडे रंगावर रेघा ओढतात. उन्हात बोनेटवर जी जाळी दिसते ती त्याचीच. म्हणून आधी धुरळा भिजवायचा. त्यासाठी कुंड्यांना पाणी मारायचा दोन लिटरचा हातपंप आणलाय. (शेतातला फवारणीचा पंप बाबांनी सुचवला होता. त्यात काय काय भरलं होतं ते आठवून मीच नको म्हटलं.) एक-एक भाग फवारायचा, दोन मिनिटं थांबायचं, घाण फुगून सुटते.

मग एका बादलीत झाकणभर शॅम्पू, दुसरी अर्धी बादली फक्त फडकं खळबळायला. या दोन बादल्या एक करायच्या नाहीत, नाहीतर काढलेली माती परत गाडीवर. वरून खाली यायचं. टप, काचा, बोनेट, दारं. सरळ हात फिरवायचा, गोल नाही. एक भाग झाला की लगेच साध्या पाण्याचा फवारा आणि मायक्रोफायबरने कोरडा. चाकं शेवटी, वेगळ्या फडक्याने. भांड्याचं लिक्विड मी वापरत नाही, ते मेण उतरवतं. उरलेलं पाणी दारात शिंपडतो, तेवढाच धुरळा बसतो.

मेणाची गोष्ट मला जास्त आवडते. गाडीच्या चांगल्या वॅक्समध्ये कार्नोबा असतं. हे ब्राझीलच्या ईशान्येकडच्या एका ताडाच्या जातीच्या झाडाचं मेण. तो भाग दुष्काळी, आपल्यासारखाच. आपलं पाणी उडून जाऊ नये म्हणून ते झाड पानांवर मेणाचा थर चढवतं. माणसं पानं तोडून वाळवतात, झोडपतात, आणि मेणाची भुकटी गोळा करतात. अळवावरचं पाणी घरंगळतं तेही पानावरच्या मेणामुळेच. म्हणजे पाणी राखायला झाडाने केलेली सोय डबीत बंद होऊन परभणीत येते आणि अल्टोच्या बोनेटवर बसते.

लावायचं अगदी थोडं. सावलीत, कोरड्या गाडीवर, बोटभर घेऊन पातळ पसरायचं. धुरकट झालं की स्वच्छ फडक्याने पुसायचं. जाड थर दिला तर जास्त टिकतो असं नाही, फक्त हात दुखतात. आमच्या उन्हात ते महिना-दीड महिना चालतं. तेवढ्यात धुरळा रंगाला घट्ट धरत नाही, आणि पुढच्या वेळी पाणी कमी लागतं.

पहिल्यांदा लावलं तेव्हा बाबा ओट्यावर बसून बघत होते. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांच्या खांद्यांना तूप-हळद लावतात, ती खांदेमळणी. "ही खांदेमळणीच झाली की," म्हणाले, आणि माझ्या हातातलं फडकं घेतलं. बोनेटची डावी बाजू त्यांनी एकट्याने केली. बोलले काही नाहीत. माझ्यापेक्षा पातळ थर दिला त्यांनी.

आता दर पंधरा दिवसांनी वॅक्सचं काम तेच बघतात. पुढच्या खेपेला सव्वा बादलीत भागतं का ते बघायचंय. काकूंना मी तसं सांगूनही ठेवलंय.