किती प्रती?

चित्र पूर्ण झालं. आता प्रती किती काढायच्या? एक, पंचवीस, की मागेल त्याला?

छापचित्रकारासाठी निम्मा निर्णय धातूचा पत्राच घेतो. सुईनं थेट पत्र्यावर कोरलेली ड्रायपॉइंटची रेघ दाबाखाली लवकर झिजते, पुढचे छाप फिके पडतात. ठरलेला आकडा गाठला की पत्र्यावर ओरखडे मारून तो बाद करतात. माझं चित्र डिजिटल; त्याची फाइल झिजत नाही. हजारावी प्रत पहिलीइतकीच ताजी. म्हणजे इथे टंचाई टिकणार ती फक्त माझ्या शब्दावर.

बाजार दोन्ही बाजूंनी साक्ष देतो. मार्च २०२१मध्ये बीपल या डिजिटल कलाकाराच्या चित्राची एकमेव प्रत ख्रिस्तीजच्या लिलावात ६ कोटी ९३ लाख डॉलरला गेली. त्याच वर्षी डिसेंबरात पाक या कलाकाराच्या ‘द मर्ज’चे भाग २८ हजारांहून अधिक लोकांनी घेतले आणि बेरीज ९ कोटींपुढे गेली. राजा रविवर्म्यानं १८९४मध्ये मुंबईत छापखाना काढला, त्याच्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोचल्या. तरी मूळ तैलचित्रांचा मान उणावला नाही. पण त्याच्याकडे मूळ चित्र वेगळं होतं. माझ्या सगळ्याच प्रती मूळ.

मला हे चित्र पगारदार माणसालाही परवडायला हवंय, आणि पहिल्या घेणाऱ्याला फसल्यासारखं वाटायला नको. म्हणून पंचवीस. शिवाय दोन माझ्याकडे. रंग किंवा आकार बदलून हेच चित्र पुन्हा विकणार नाही, हेही प्रमाणपत्रावर लिहीन.

पंचवीस खपल्या नाहीत तर उरलेल्या रद्द करता येतील. सव्विसावी मात्र विकायला काढता येणार नाही.