लाल शाई

2019 चा ऑगस्ट. आमची तोफखान्याची रेजिमेंट तेव्हा उत्तर बंगालमध्ये, डुआर्समधल्या चहाच्या मळ्यांना लागून असलेल्या छावणीत होती. पाऊस असा की कपाटातल्या बुटांवर दोन दिवसांत बुरशी चढायची. रात्री हत्ती लंगरच्या मागच्या भिंतीपर्यंत यायचे. सीओ म्हणून मला जेमतेम चार महिने झाले होते. त्या दिवशी ऑर्डरली रूमला एकच केस होती.

वर्दी न घातलेल्या वाचकांसाठी थोडं सांगतो. ऑर्डरली रूम म्हणजे सीओचं ऑफिसच, पण त्या वेळेपुरतं ते कोर्ट असतं. आरोपी जवानाला टोपी आणि बेल्ट काढून, एस्कॉर्टच्या मधून, सुभेदार मेजर साहेबांच्या हुकमावर आत मार्च करवतात. आरोप वाचला जातो, साक्षीदार बोलतात, सीओ विचारतो, सीओच निकाल देतो. वकील नाही, ज्युरी नाही. 1950 च्या आर्मी ॲक्टच्या कलम 80 खाली सीओ एकटा 28 दिवसांपर्यंतची कैद देऊ शकतो. बाहेर एखाद्या मॅजिस्ट्रेटला हे सांगितलं तर तो चकित होईल. संविधानाच्या 33 व्या अनुच्छेदाने संसदेला सैनिकांचे मूलभूत हक्क मर्यादित करण्याची मुभा दिली आहे, आणि हा कायदा त्याच पायावर उभा आहे. सीमेवरचा माणूस कोर्टाच्या तारखा घेत बसला तर पलटण चालणार नाही, हे मला मान्य आहे. पण ज्या टेबलावर एवढी ताकद ठेवलेली असते, त्या टेबलामागे बसलेला माणूस कसा आहे यावर सगळं अवलंबून राहतं.

केस साधी होती. एक ड्रायव्हर रजेवरून 17 दिवस उशिरा परतला होता. बिहारचा, कोसीच्या पट्ट्यातला. बॅटरी कमांडर आदल्या संध्याकाळीच फाइल घेऊन आला होता.

"सर, याच्या तीन लाल एंट्री आधीच आहेत. ही चौथी. 28 दिवस द्या आणि शो-कॉज नोटीस काढू. बॅटरीला डोकेदुखी आहे."

जवानाच्या कंडक्ट शीटवर किरकोळ शिक्षा काळ्या शाईने नोंदतात आणि कैदेसारखी जड शिक्षा लाल शाईने. अशा चार लाल नोंदी झाल्या की आर्मी रूल्सच्या नियम 13 खाली त्याला 'अनडिझायरेबल' म्हणून घरी पाठवण्याची कारवाई सुरू करता येते. 'करता येते', 'करावीच लागते' असं नाही. सुप्रीम कोर्टाने 2015 मध्ये वीरेंद्र कुमार दुबे यांच्या खटल्यात हेच बजावलं होतं. नुसता चारचा आकडा पुरेसा नाही. गुन्हे कसले होते, नोकरी किती झाली, पेन्शन किती जवळ आहे, कठीण ठिकाणी किती काळ काढला, हे सगळं पाहायचं. पण युनिटमधल्या रोजच्या बोलण्यात 'चार झाल्या की गेला' असंच म्हणतात.

या ड्रायव्हरच्या नोकरीला 14 वर्षं आणि दोन महिने झाले होते. जवानाला पेन्शन लागायला 15 वर्षं लागतात. म्हणजे फक्त दहा महिने उरलेले.

मी कंडक्ट शीट उघडली. तिसरी लाल नोंद विनारजा गैरहजेरीची, दुसरी दारूची, आणि पहिली 2007 ची, रजेवरून नऊ दिवस उशीर, 14 दिवस सक्त कैद. त्या पहिल्या नोंदीखाली ॲडज्युटंटची सही होती. ती सही माझी होती.

बॅटरी कमांडरला मी "सकाळी बघू" म्हटलं. रात्री झोप लागली नाही.

2007 च्या हिवाळ्यात आम्ही पंजाबात होतो. मी कॅप्टन, ॲडज्युटंट. सगळी रेजिमेंट फायरिंगसाठी राजस्थानात महाजन रेंजला गेली होती आणि मागे लाइन्समध्ये छोटी रिअर पार्टी होती. हा पोरगा तेव्हा दोन वर्षांच्या नोकरीचा. नऊ दिवस उशिरा तो थेट रेंजवरच हजर झाला. तंबूतच ऑर्डरली रूम झाली. तेव्हाच्या सीओंनी विचारलं, उशीर का?

"पिताजी बीमार थे, साब. तार भेजा था."

सीओंनी माझ्याकडे पाहिलं. मी कडक उभा राहून म्हणालो, "कोई तार नहीं आया, सर."

ते खरं होतं. त्या क्षणी तरी खरं होतं. सगळं प्रकरण पाच मिनिटांत संपलं. 14 दिवस.

चौथ्या दिवशी रिअर पार्टीची गाडी डाक घेऊन आली. हेडक्लार्कने पोत्यातून काढून एक तार माझ्यासमोर ठेवली. वडील अत्यवस्थ, रजा दहा दिवस वाढवावी. तारीख त्याची रजा संपायच्या दोन दिवस आधीची. लाइन्समधल्या पत्त्यावर ती वेळेत पोचली होती आणि तिथे पडून राहिली होती.

त्या पोराचे अजून दहा दिवस बाकी होते. सीओंचा तंबू माझ्यापासून शंभर पावलांवर होता.

मी गेलो नाही. स्वतःला काय काय सांगितलं ते आजही आठवतं. तार पाठवली म्हणजे रजा मंजूर झाली असं नसतं, हे नियमाला धरूनच होतं. निकाल लागलाय, ऑर्डर निघालीय, उद्या मोठं फायरिंग आहे, वरचे अधिकारी पाहायला येताहेत. आणि खरं कारण वेगळंच होतं. 'तार आली नाही' असं छाती काढून सांगितल्यावर 'आली होती' हे सांगायला जावं लागणार होतं. मी हेडक्लार्कला म्हणालो, "फाइल में लगा दो."

यात थोडा हात मला घडवणाऱ्या शिस्तीचाही होता, असं मला वाटतं. खडकवासल्याला एनडीएत तीन वर्षं आम्ही शिक्षा खाऊनच मोठे झालो. सिंहगडाच्या वाऱ्या केल्या, त्यातल्या काही न केलेल्या चुकांसाठीही. 'का?' असं विचारलं की उत्तर एकच, नो एक्स्क्यूज सर. अठरा वर्षांच्या कॅडेटला ते चांगलं आहे, त्याने माणूस तक्रारखोर होत नाही. पण तोच कॅडेट पुढे न्याय करायच्या टेबलाशी उभा राहिला, की समोरच्याचं कारण हे कारण न वाटता सबब वाटायला लागतं.

कायदा मात्र असं म्हणत नाही. मिलिटरी लॉचा पेपर आम्हा सगळ्यांना प्रमोशनच्या परीक्षेत द्यावा लागतो, आणि मी तो चांगल्या मार्कांनी पास झालो होतो. आर्मी ॲक्टचं कलम 39 पुन्हा वाचा. रजा उलटून थांबणं एवढाच गुन्हा तिथे लिहिलेला नाही. 'पुरेशा कारणाशिवाय' थांबणं हा गुन्हा आहे. म्हणजे कारण विचारणं हा सीओचा चांगुलपणा नव्हे, तो गुन्ह्याच्या व्याख्येचाच भाग आहे. आणि नियम 22 सांगतो की सुनावणी आरोपीच्या समोर व्हावी, त्याला साक्षीदारांना प्रश्न विचारायची, आपले साक्षीदार आणायची पूर्ण मोकळीक असावी. ज्यांनी हे लिहिलं त्यांना माहीत असणार, की एवढी ताकद एका माणसाच्या हाती देताना निदान ऐकून घ्यायची सक्ती तरी त्याच्यावर असली पाहिजे.

सकाळी ड्रायव्हर आत आला. आता पस्तिशीच्या आसपासचा, कानांशी केस पिकलेले. आरोप वाचून झाला.

"कुछ कहना है?"

"नहीं साब. गलती हो गई."

"देर क्यों हुई?"

"गलती हो गई, साब."

साक्षीदारांना काही विचारायचंय का? नाही. कोणाला बोलवायचंय का? नाही. नजर माझ्या डोक्यावरच्या भिंतीवर. बॅटरी कमांडर घड्याळ बघत होता. त्याच्या लेखी हा कबुलीजबाब होता. मला मात्र 2007 चा तंबू दिसत होता. या माणसाने एकदा कारण सांगितलं होतं, खरं सांगितलं होतं, आणि त्याचे त्याला 14 दिवस मिळाले होते. गप्प बसायला त्याला मीच शिकवलं होतं.

मी सुनावणी तिथेच थांबवली. सुभेदार मेजर साहेब म्हणाले, "साब, एक दिन मुझे दीजिए." त्या संध्याकाळी त्यांनी त्याला आपल्या खोलीवर चहाला बसवलं. जेसीओ हा फौजेचा कणा आहे असं भाषणांत म्हणतात. त्याचा खरा अर्थ मला अशा वेळी कळतो.

कारण निघालं ते घरगुती होतं. बायको भांडून माहेरी निघून गेली होती. घरात दोन लहान मुली आणि दिसत नसलेली आई. बहीण सासरहून येईपर्यंत तो थांबला होता. फोन का नाही केला? पंचवीस माणसांच्या बॅटरी ऑफिसात 'बायको सोडून गेली' हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

पुरेसं कारण? पूर्ण नाही. फोन करायला हवा होता. सिनियर जेसीओंच्या कानात सांगता आलं असतं. पण घरी पाठवण्याजोगा गुन्हाही नव्हता.

दुसरा प्रश्न जास्त अवघड होता. निकाल मीच द्यायचा का? 1987 चा रणजित ठाकूर खटला आम्ही अभ्यासला होता. वरिष्ठांकडे तक्रार केली म्हणून 28 दिवसांची शिक्षा भोगत असलेल्या एका सिग्नलमनने जेवणाचा हुकूम मानला नाही. समरी कोर्ट मार्शलने त्याला वर्षाची कैद आणि बडतर्फी दिली. ज्या अधिकाऱ्याविरुद्ध त्याची तक्रार होती, तोच त्या कोर्टात बसला होता. सुप्रीम कोर्टाने ते सगळं रद्द केलं. गुन्ह्याच्या मानाने शिक्षा फार मोठी, आणि न्याय करणारा तटस्थ नाही. तटस्थ तर मीही नव्हतो, फक्त माझा कल उलट्या बाजूला होता.

मी ब्रिगेड कमांडरांना फोन लावला आणि बारा वर्षांपूर्वीच्या तारेसकट सगळं सांगितलं. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग ते म्हणाले, "सतरा दिवसांचं जे आहे त्याचा निकाल सीओ म्हणून तू दे, कारणं लिही, मी बघीन. आणि 2007 चं जे आहे ते कागदावर दे. फोनवर नको."

निकाल असा झाला: 14 दिवस जादा गार्ड ड्यूटी. गैरहजेरीच्या 17 दिवसांचा पगार नियमाप्रमाणे कापला. नोंद काळ्या शाईने. बॅटरी कमांडर नाराज झाला. "सर, बाकीच्यांना काय मेसेज जाईल?" त्याचा प्रश्न चुकीचा नव्हता. मी त्याला एवढंच म्हटलं, की रजेवर काही अडचण आली तर सांगितलेलं ऐकून घेतात, हा मेसेज गेला तरी मला चालेल.

मग मी ड्रायव्हरला एकट्याला बोलावलं, टोपी-बेल्टसकट. "2007 में तुम्हारी तार आई थी. सज़ा के चौथे दिन. मैंने सीओ साब को बताया नहीं."

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "पता है साब. डाक रनर ने बताया था."

बारा वर्षं. मी मधल्या काळात बदल्या, कोर्सेस, स्टाफच्या नोकऱ्या करून परत आलो, तेव्हा सीओची गाडी चालवायला अनेकदा हाच असायचा. 'जय हिंद साब' म्हणून दार उघडायचा. आणि त्याला सगळं माहीत होतं.

"और पिताजी?" मी विचारलं.

"मैं गार्ड में था, तब गुज़र गए."

यावर मी काय बोललो ते लिहीत नाही. लिहिण्यासारखं काही बोललोही नाही.

आर्मी ॲक्टच्या कलम 26 खाली अन्याय झालाय असं वाटणाऱ्या जवानाला वर तक्रार करता येते. तो अर्ज करायला तयार नव्हता. सुभेदार मेजर साहेबांनी समजावलं. अर्जासोबत मी माझ्या सहीचं निवेदन जोडलं. तेव्हाची फाइल मुदतीनुसार नष्ट झालेली होती, तारेचा कागद मिळाला नाही. काही महिन्यांनी उत्तर आलं: निवेदन रेकॉर्डला लावलं आहे, मात्र मूळ पुरावा नसल्यामुळे नोंद रद्द करता येत नाही. त्या उत्तरात कायद्याची चूक मी काढू शकत नाही. पुरावा माझ्या हातात होता तेव्हा मी तो फाइलमध्ये लावून टाकला होता.

2020 च्या जूनमध्ये त्याची 15 वर्षं पूर्ण झाली. नंतर तो पेन्शनवर गेला. पहिली नोंद अजून लालच आहे आणि त्याखाली माझी सही आहे.

हे वाचणाऱ्यांत काही तरुण ॲडज्युटंट असतील. शिस्त ढिली करा असं मी सांगत नाही; मीही पुढे 28 दिवस दिलेत, आणि ते देताना हात थरथरला नाही. फक्त कारण विचारल्यावर दोन मिनिटं थांबा. आणि निकालानंतर काही हाती लागलं, तर शंभर पावलं चालत जा.

तारेची सेवा 2013 मध्ये बंद झाली. आता व्हॉट्सॲपवर मेसेज येतो आणि तोही कोणाच्या तरी फोनमध्ये न वाचता पडून राहतो. म्हणून कमांड संपेपर्यंत हेडक्लार्कला माझी एक स्टँडिंग ऑर्डर होती: आधी डाक, मग ऑर्डरली रूम.