एरर न देणारी भाषा

पुण्यात नोकरी करत होते तोवर माझं सगळं काम जावामध्ये चालायचं. जावा कडक. अंकाच्या जागी अक्षरं आली, एखादा कंस राहिला, की प्रोग्रॅम चालण्याआधीच ती हात धरते. ऑकलंडला आल्यावर वीजवापराच्या आकड्यांचा अभ्यास करणाऱ्या एका कंपनीत काम मिळालं आणि तिथे सगळा कारभार 'आर' या भाषेत. आर फारसं अडवत नाही. मागितलेली वस्तू नसली तर तशीच दिसणारी दुसरी पुडीत बांधून देणारा दुकानदार असतो ना, तशी ही भाषा. पुडी घरी जाऊन सोडेपर्यंत काही कळत नाही.

ही भाषा इथलीच, ऑकलंड विद्यापीठातली. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन या दोन शिक्षकांनी ती लिहायला घेतली. दोघांच्याही पहिल्या नावाचं आद्याक्षर 'आर', भाषेचं नावही तेच. इहाका न्यूझीलंडचे, माओरी वंशाचे, जेंटलमन कॅनडाचे. विद्यार्थ्यांच्या लॅबमध्ये मॅकिन्टॉश संगणक होते आणि त्यांवर चालणारं संख्याशास्त्राचं मनासारखं सॉफ्टवेअर मिळत नव्हतं. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये १९७६ साली जॉन चेंबर्स आणि सहकाऱ्यांनी 'एस' भाषेवर काम सुरू केलं होतं. आरने बाहेरचा तोंडवळा तिचा घेतला, आतली काही तत्त्वं 'स्कीम' या भाषेकडून घेतली. १९९५ मध्ये ती सर्वांसाठी मोफत आणि खुली झाली. १.०.० ही आवृत्ती आली २९ फेब्रुवारी २००० रोजी.

हा इतिहास सांगायचं कारण आहे. एस काय किंवा आर काय, पडद्यासमोर बसून एकेक प्रश्न विचारणाऱ्या, उत्तर बघून पुढचा प्रश्न ठरवणाऱ्या माणसासाठी घडल्या. अशा माणसाला दर ओळीला अडवलं तर तो कंटाळेल, म्हणून भाषा अंदाज बांधते आणि पुढे जाते. तिच्या बहुतेक खोड्या या सोयीतून आल्या आहेत. हे लक्षात येईपर्यंत मी त्या पाठ करत होते. लक्षात आल्यावर त्या आधीच ओळखू येऊ लागल्या.

न्यूझीलंडच्या वीजबाजारात दिवसाचे अर्ध्या अर्ध्या तासाचे ४८ भाग धरतात. समजा, एका घराचे ४८ आकडे आहेत आणि दर मात्र तासाचे, म्हणजे २४. दोन्हींचा गुणाकार सांगितला की आर तो करून देते. दरांची यादी संपली की ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. म्हणजे रात्री बारा ते साडेबाराच्या विजेला बाराचा दर लागतो, साडेबारा ते एकला एकचा, आणि दुपारी बारा वाजता मध्यरात्रीचे दर पुन्हा सुरू! उत्तर ४८ आकड्यांचंच येतं, दिसायला एकदम व्यवस्थित. ४८ला २४ने नि:शेष भाग जातो, म्हणून इशाराही नाही.

इथे न्यूझीलंडचं घड्याळ मदतीला येतं. सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास पुढे जातं, एप्रिलच्या पहिल्या रविवारी मागे. त्या दिवशी भाग होतात अनुक्रमे ४६ आणि ५०. त्यांना २४ने भाग जात नाही, आणि लांबी जुळत नसल्याचा इशारा तेव्हा कुठे उमटतो. वर्षातले ३६३ दिवस चुकीचं बिल शांतपणे निघेल आणि भाषा कुरकुरेल ती फक्त दोन दिवस. घड्याळ न हलवणाऱ्या भारतात तीही कुरकुर ऐकू आली नसती.

वेळेचाच दुसरा प्रकार याहून मजेदार. आम्ही तेव्हा वापरत होतो त्या आवृत्तीत वेळेच्या नोंदीतून नुसती तारीख काढायला सांगितली, की आर ती यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेने काढायची. न्यूझीलंड यूटीसीच्या १२ तास पुढे, उन्हाळ्यात १३. त्यामुळे दुपारी बाराच्या आधीची प्रत्येक नोंद कालच्या तारखेत. सोमवारी सकाळचा गिझर रविवारच्या खात्यात! भारतात हाच फरक साडेपाच तासांचा. पहाटे साडेपाचच्या आधी फारसं काही घडत नाही, म्हणून तिथे ते सहसा नजरेला येत नाही. स्वतःच्या जन्मगावी या भाषेचा निम्मा दिवस चुकावा, ही गंमतच.

तारखांची आणखी एक खोड आपल्यासाठी महत्त्वाची, कारण महाराष्ट्रात आणि न्यूझीलंडमध्ये दोन्हीकडे आपण दिवस आधी लिहितो. प्राप्तिकराच्या वर्षाची सुरुवातही दोन्हीकडे १ एप्रिललाच. ०१/०४/२०१९ ही तारीख स्वरूप न सांगता आरला दिली, तर ती आधी वर्ष आहे असं समजते आणि इसवी सन १ मधली २० एप्रिल काढून देते. एरर नाही.

साउथ आयलंडच्या आतल्या भागात हिवाळ्यात पारा शून्याखाली जातो आणि हीटरचा वापर वाढतो. उणे ५ पेक्षा थंड तास शोधायचे, म्हणून कोणी घाईत 'तापमान<-५' असं जोडून लिहिलं, तर आरला त्यात तुलना दिसतच नाही. तिच्या लेखी तो बाण आहे, आणि बाण म्हणजे 'तापमान या नावात ५ साठव'. आधीची नोंद गेली. बाणाच्या दोन चिन्हांमध्ये एक मोकळी जागा सोडली की अर्थ बदलतो. तसंच सरासरीचं. ४, ८, १२ हे आकडे सुटे दिले तर बेरीज २४ येते, कमाल १२ येते, सरासरी मात्र ४! सरासरी काढणारं फंक्शन पहिली वस्तू तेवढी माहिती समजतं, बाकीच्या सूचना. आकडे आधी एकत्र बांधून दिले की ८ मिळतात.

काही खोड्या मात्र खोड्या नाहीतच. 'माहिती नाही' अशा दोन नोंदी सारख्या आहेत का, असं विचारलं तर आर 'माहिती नाही' म्हणते. दोन अनोळखी माणसांची वयं सारखी आहेत का, याला दुसरं प्रामाणिक उत्तर काय असणार? २.५ पूर्ण अंकात करायला सांगितलं तर ती २ देते, ३.५ चे ४. नेमका अर्धा असेल तर जवळच्या सम संख्येकडे जायचं, हा आंतरराष्ट्रीय प्रमाणाचा नियम. नेहमीच वर ढकललं तर मोठ्या बेरजा फुगतात.

इथे मास्टर्स करायला आलेला नाशिकचा एक मुलगा अधूनमधून आरच्या शंका घेऊन येतो. परवा त्याने विचारलं, "ताई, एरर नाही आली, म्हणजे बरोबर आहे ना?" मी म्हटलं, "हातानं करून बघितलंस का?" तो हसला. मग तीनच ओळींचं कोष्टक करून, उत्तर आधी कागदावर काढून त्याने तोच प्रोग्रॅम चालवला, आणि तारीख एक दिवस मागे गेलेली त्याची त्यालाच सापडली.

नवी भाषा शिकणाऱ्याला माझं सांगणं एवढंच. लाखो नोंदी देण्याआधी उत्तर माहीत असलेल्या चार नोंदी द्या. हिशेबाआधी दोन्ही याद्यांची लांबी तपासा. तारखेचं स्वरूप आणि वेळेचा पट्टा दर वेळी स्वतः लिहा, भाषेच्या अंदाजावर सोडू नका. आणि खोडी सापडली की ती कोणाच्या सोयीसाठी ठेवली असेल, हे शोधा. पुढची खोडी मग आपोआप दिसते.