चार सुतांचा फरक

आमच्या घरी एक जुनी डिझेल गाडी आहे. खरे म्हणजे गाडी आमच्या घरी आहे म्हणण्यापेक्षा आमचे घर त्या गाडीवर आहे, असे म्हटले तर अधिक योग्य होईल. बाबा ती बेळगाव-गोवा भाड्याने चालवतात. पतसंस्थेचा हप्ता, धाकट्या बहिणीची फी आणि माझ्या पुस्तकांचा खर्च, सारे तिच्या चार चाकांवरून घरात येते. इंजिन लहानच, सुमारे १३०० घन सेंटीमीटरचे. पण त्याला टर्बो आहे. त्यामुळे पाच माणसे आणि सामान घेऊनही ती चोर्ल्याचा घाट चढते. माझ्या शहाणपणामुळे एका पावसाळ्यात ती चढेनाशी झाली, त्याची ही हकीकत आहे.

गोव्याची खारी हवा आणि घाटातला पाऊस यांनी गाडीचा धुराचा पाइप खाऊन टाकला होता. एके दिवशी त्याला भोक पडले आणि गाडी ट्रॅक्टरसारखी आवाज करू लागली. बाबा म्हणाले, “तू रविवारी गॅरेजला जातोस ना? बघ जरा, तुझ्याच्यानं होतंय काय.”

मी एका दुचाकीच्या गॅरेजमध्ये सुट्टीच्या दिवशी हाताखाली काम करीत असे. तिथे एक वाक्य रोज कानांवर पडे : “पाइप बारीक, तर ओढ जास्त. मागं दाब पाहिजेच.” हे वाक्य मी वेदवाक्य मानून बसलो होतो. बाजारात दीड इंची पाइप स्वस्तात मिळाला. तो आणला आणि वाकवून घेतला. वाकवताना आत वाळू ठासून भरायची असते, म्हणजे बाकाशी पाइप चेपत नाही. ती तसदीही मी घेतली नाही. पाच बाक होते; पाचही ठिकाणी पाइप पोटात गेला. पण खालून कोण पाहणार? जोडकाम झाले, आवाज बंद झाला. उरलेले पैसे आईच्या हातावर ठेवले, तेव्हा ती शेजारणीला म्हणाली, “पोरगं हाताला आलं हो!”

गावात फिरताना काहीच जाणवले नाही. सपाट रस्त्यावर गाडीला जोर लावावा लागतच नाही.

आठ दिवसांनी बाबा गोव्याहून एका म्हाताऱ्या आजारी गृहस्थांना आणि त्यांच्या घरच्यांना घेऊन बेळगावच्या दवाखान्याकडे निघाले. साखळी, केरी गेले आणि घाट लागला. रात्रीची वेळ, धो धो पाऊस. गाडी तिसऱ्यात ओढेना, दुसऱ्यात घातली तर मागे काळा धूर आणि पुढे इंजिनचा काटा तांबड्या रेघेकडे. अर्ध्या घाटात गाडी बाजूला घ्यावी लागली. एवढ्या पावसात त्या आजारी माणसाला उतरवून, मागून आलेल्या दुसऱ्या गाडीत बसवून पुढे पाठवावे लागले. बाबांनी भाडे घेतले नाही. तीन तास ते तिथेच थांबले आणि पहाटे रिकामी गाडी घेऊन घरी आले.

मला त्यांनी इतकेच सांगितले, “माणूस पोचला वेळेत. देवाची कृपा.” ते रागावले असते तर बरे झाले असते. त्या दिवशी मी जेवलो नाही.

रविवारी मी गाडी घेऊन उद्यमबागेत मामांकडे गेलो. मामा एका मशीन शॉपमध्ये फिटर आहेत. त्यांच्या शेजारी जोडकाम करणारे अण्णा कन्नड बोलतात. मामा मराठीत विचारतात, अण्णा कन्नडमध्ये उत्तर देतात, आणि वर्षानुवर्षे दोघांचे काम अडलेले नाही. अण्णा गाडीखाली शिरले, हाताने पाइप चाचपला आणि खालूनच त्यांनी मला एकच प्रश्न केला, “अळती तगोंडीयेन?”

माप घेतले होतेस काय?

जुन्या पाइपचे माप! तो तर मी न मोजताच भंगारात टाकला होता. नशिबाने भंगार अजून घरामागेच पडून होते. मामांनी मला सायकलवर पिटाळले. कुजलेला तुकडा आणून व्हर्निअर लावला, तर बाहेरून ५१ मिलिमीटर भरला; म्हणजे दोन इंच. माझा पाइप ३८ मिलिमीटरचा. मामा हिशेब सुतात करतात. “चार सुतं खाल्लीस की रे!” ते म्हणाले.

“पण मामा, मागं दाब असला तर ओढ वाढते ना?”

“बस इथं. गोकाकला गेलायस नव्हं? धबधब्याजवळच्या गिरणीनं घटप्रभेच्या पाण्यावर टर्बाइन चालवली. वरनं येणारा नळ आवळून धरला, तर पाणी जोरात चक्रावर आदळतं. ते बरोबर. पण चक्रातनं सुटलेलं पाणी पुढं वाहून गेलंच न्हाई, तिथंच तुंबलं, तर चक्र फिरंल काय?”

वाचकहो, टर्बोचे सारे मर्म या एका प्रश्नात आहे. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली ज्या कल्पनेचे पेटंट घेतले, ती अशी : इंजिनातून वाया जाणाऱ्या धुरात उष्णता आणि दाब शिल्लक असतो, तो कामाला लावायचा. एकाच दांड्यावर दोन चक्रे. एकावर धूर आदळतो, दुसरे बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. आपल्या गाड्यांतील ही चक्रे मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतात. त्यांना फिरवतो तो नुसता दाब नव्हे, तर चक्राच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबातला फरक. पलीकडे धूर तुंबला की तो फरक घटतो.

म्हणून धुराच्या वाटेचे दोन भाग धरावे लागतात आणि दोहोंचे नियम वेगळे आहेत. इंजिन ते टर्बो हा पहिला भाग. तो आखूड, बेताच्या मापाचा आणि जाड बिडाचा असतो, कारण धुराचा वेग आणि उष्णता वाटेत सांडता कामा नये. टर्बोच्या शंखाच्या तोंडाचे क्षेत्रफळ आणि त्याची त्रिज्या यांचे गुणोत्तर इथे महत्त्वाचे. कारागीर त्याला ‘ए बाय आर’ म्हणतात. ते लहान असेल तर टर्बो कमी फेऱ्यांवरच जागा होतो आणि घाटाला उपयोगी पडतो, पण गाडी जोरात पळवली की गुदमरतो. मोठे असेल तर वेगात ताकद मिळते, पण सुरुवातीला तो झोपलेलाच. तिथे काहीतरी मिळवायला काहीतरी सोडावे लागते, आणि ती निवड कारखान्याने गाडीचे काम पाहून केलेली असते. टर्बोच्या पुढचा, म्हणजे दुसरा भाग मात्र सरळ स्वभावाचा आहे. तिथे धुराकडून काही काम करून घ्यायचे उरलेले नसते. त्याला सुखाने बाहेर जाऊ द्यायचे.

मग दुचाकीवाल्यांचे म्हणणे साफ खोटे काय? तसेही नाही. टर्बो नसलेल्या इंजिनात योग्य मापाच्या पाइपातून धूर वेगाने गेला, की आपल्या मागे उरलेला धूर तो ओढून नेतो. जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांच्या सायलेन्सरचा फुगीर आकार तर धुराची लाट परत फिरवून ताजा वायू आत ढकलण्यासाठीच असे. उपयोगी पडतो तो वेग, पडते ती लाट; आणि त्याचे श्रेय लोक देतात तुंबलेल्या दाबाला. माझ्या गाडीत तर मध्ये टर्बोचे चक्रच उभे होते. एका घरचा नियम मी दुसऱ्या घरी लावला होता.

त्या रात्री मी वही घेऊन बसलो. घाटात ३५०० फेऱ्यांवर, टर्बोने भरलेली हवा धरून, इंजिनातून सेकंदाला साधारण ७० ग्रॅम धूर निघतो. टर्बोतून बाहेर पडताना तो सुमारे ४५० अंश सेल्सिअस तापलेला, म्हणून बाहेरच्या हवेच्या जवळजवळ अडीच पट फुगलेला असतो. हिशेब आला सेकंदाला १३० लिटरच्या आसपास. माझ्या पाइपची आतली रुंदी ३५ मिलिमीटर. त्यातून जायला धुराला सेकंदाला १३५ मीटर धावावे लागे. जुन्या पाइपची आतली रुंदी ४८. त्यात ७२ मीटर पुरत. वर्गात आपण नळीच्या त्रिज्येचा चौथा घात शिकतो, तो संथ प्रवाहाचा. इथे प्रवाह खळबळीचा, म्हणून अडथळा व्यासाच्या जवळजवळ पाचव्या घाताने बदलतो. ३५ आणि ४८ यांचा पाचवा घात काढून पाहिला आणि पेन्सिल खाली ठेवली. सरळ नळीचा अडथळा मी जवळजवळ पाच पट केला होता. चेपलेले बाक वेगळेच.

मामांचा वहीवर विश्वास नाही. “काटा काय म्हणतो ते बघू,” म्हणाले. अण्णांनी टर्बोच्या मागे पाइपला एक नट जोडला, त्यातून तांब्याची लांब नळी काढली (उष्णतेने गेज जळू नये म्हणून) आणि गेज माझ्या हातात दिले. आम्ही वंटमुरीच्या घाटात गेलो. तिसरा गिअर, पाय पुरता दाबलेला. काटा चढत चढत ०.४ किलोवर स्थिरावला.

“एवढासाच तर आहे!” मी म्हणालो.

मामांनी गाडी बाजूला घेतली आणि काचेवरच्या वाफेवर बोटाने आकडे काढले. समजा, चक्र नीट फिरवायला अलीकडचा दाब पलीकडच्याच्या दुप्पट हवा. बाहेरची हवा एक धर. पलीकडे १.१ असेल, तर अलीकडे २.२ पुरे. पलीकडे १.४ झाला, की अलीकडे २.८ लागतो. मागे वाढले ०.३, पुढे वाढले ०.६. आणि त्या वाढलेल्या दाबाविरुद्ध धूर ढकलतो कोण? पिस्टन! म्हणजे घाट चढायची ताकद इंजिन स्वतःचाच धूर बाहेर काढण्यात घालवत होते. हवा कमी, डिझेल तेवढेच. म्हणून काळा धूर, म्हणून तो तापलेला काटा.

आता मला दुसरेच वेड लागले. बारीक पाइप वाईट, तर जाड चांगला. मग तीन इंचीच का नको? अण्णा हसले. “निधान, निधान,” म्हणाले. सावकाश! मामांनी अडीच इंचीचाही हिशेब माझ्याकडूनच करून घेतला. दोनावरून अडीच इंचावर गेले, तर सरळ नळीचा अडथळा एक तृतीयांशावर येतो खरा. पण मुळात जो थोडाच उरला आहे, त्याचा एक तृतीयांश करून पदरात काय पडणार? शेवटी सायलेन्सर आहे तेवढाच अडवणार. उलट वजन वाढते, पाइप रस्त्याला घासतो, आवाज घुमतो. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम कारखान्याने ठरवलेल्या रचनेत मनमानी बदल करू देत नाही. भाड्याच्या गाडीला पासिंगला जावे लागते. मोठ्या इंजिनाला, दुप्पट धूर सोडणाऱ्या गाडीला, तीन इंच शोभतो. धूर किती, त्यावर पाइप किती. शोभेवर नव्हे.

दोन इंची पाइप आणला. या वेळी वाळू मी स्वतः चाळली, वाळवली आणि ठासून भरली. अण्णांनी तापवून एकेक बाक हळूहळू घेतला. एकही चेपला नाही. धूर शुद्ध करणारा मधला डबा जसा होता तसाच ठेवला. पुन्हा तोच घाट, तोच गिअर. काटा ०.१ वर थांबला. मी तो पुन्हा पुन्हा पाहत राहिलो. मामा काही बोलले नाहीत. अण्णांनी मजुरी घेतली नाही. फक्त चहा सांगायला लावला.

पुढच्या गोव्याच्या खेपेला मी बाबांबरोबर गेलो. परतताना केरी मागे पडली, चढ सुरू झाला. पाऊस होताच. ज्या वळणावर त्या रात्री गाडी थांबली होती, ते बाबांनी मला दाखवले नाही. पण तिथे त्यांचा हात गिअरवर जाऊन क्षणभर थांबला, म्हणून मला कळले. गाडी तिसऱ्यातच वर गेली. कणकुंबी आल्यावर बाबा म्हणाले, “ओढते आता.” एवढेच.

उत्तर मला शोधावेच लागले नसते. ते आमच्या घरामागे भंगारात, गंजलेल्या पाइपच्या तुकड्यात पडून होते. फक्त वाकून मोजायला हवे होते. मोजून तसाच पाइप बसवला असता तर काम झाले असते, पण का झाले ते कळले नसते. ते आता कळले आहे. मात्र त्या शिक्षणाची फी माझ्याऐवजी एका आजारी म्हाताऱ्या माणसाने आणि माझ्या बाबांनी घाटातल्या पावसात भरली, हे मी विसरू शकत नाही.

तो दीड इंची पाइप मी विकला नाही. माझ्या अभ्यासाच्या टेबलामागे तो उभा आहे. आई विचारते, “हे लोखंड कशाला ठेवलंयस?” मी काही सांगत नाही. पण हल्ली कोणतेही काम हाती घेतले, की आधी अण्णांचा प्रश्न कानी येतो, आणि मी मुकाट्याने व्हर्निअर शोधू लागतो.

— बी. एस्सी., अंतिम वर्ष